सदर लाकूड सागवान नसल्याबाबत

सरकारी नोकर दिलेला शब्द पाळतो, असं माझं पूर्ण विचारांती झालेलं मत आहे. दोन हजार सहा साली चंद्रपूर सोडताना मी आमचे घरमालक रामाजी यांना म्हणालो होतो, "झोपाळा तुमच्याकडे राहू द्या. सहा महिन्यांत येऊन नेतो." आणि मी गेलो. मधे एकोणीस वर्षं गेली, पण गेलो.

झोपाळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी शासनाच्या सांख्यिकी खात्यात आहे. जिल्ह्यात कोंबड्या किती, विहिरी किती, हे वरच्या कार्यालयाला कळवणं हे माझं काम. लग्न झालं तेव्हा मी चंद्रपुरात होतो. चंद्रपुरात बदलून आलेला नोकरदार दोन गोष्टी करतोच. रुजू झाल्या दिवसापासून बदलीचा अर्ज करतो, आणि बदली होण्याआधी सागवानाचं काहीतरी बनवून घेतो. कुणी पलंग, कुणी दिवाण, कुणी देव्हारा. ज्याच्या घरी सागवान नाही तो माणूस चंद्रपुरात नोकरीला होता यावर पुढच्या गावात कुणी विश्वास ठेवत नाही. मी लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बायकोला, म्हणजे रंजीताला, सागवानी झोपाळा दिला. पाच फूट लांब, पितळी कड्या, पाठीवर कोरलेले दोन मोर. त्यातला एक जरा आखूड मानेचा होता, पण हाताच्या कामात तेवढं चालायचंच.

पाच वर्षं आम्ही त्यावर बसून चहा प्यायलो. मग माझी बदली जंगलातल्या एटापल्लीला झाली. एटापल्लीला झोपाळा घेऊन हजर होणाऱ्या कर्मचाऱ्याला कुणी गंभीरपणे घेत नाही, म्हणून तो रामाजींकडे ठेवला. एटापल्लीहून थेट नाशिकला बदली झाली. आणि मग आयुष्यात जे होतं ते झालं, म्हणजे मुलीची शाळा, फ्लॅटचे हप्ते आणि माझा मणका.

रंजीता मात्र विसरली नाही. घरी पाहुणा येऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला की ती म्हणायची, "आमचा सागवानी झोपाळा आहे ना, चंद्रपूरला. यांनी सहा महिने आधीपासून सांगून करवून घेतला होता माझ्यासाठी." लोक गावाकडच्या शेतीबद्दल ज्या स्वरात बोलतात, तो स्वर. आणि पाहुणे माझ्याकडे आदराने बघायचे. या आदराची मला सवय झाली होती.

यंदा वीस मे रोजी लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. मुलगी बंगळूरहून म्हणाली, बाबा, कूर्गला जा. मी म्हणालो, महाबळेश्वर. रंजीता म्हणाली, "चंद्रपूर. जुनं घर बघू, झोपाळा घेऊन येऊ."

"मे महिन्यात? चंद्रपूर? अगं, तिथे पंचेचाळीस असतं."

"लग्न मे महिन्यातच केलंत ना? तेव्हा नाही विचार केलात."

बातमी सोसायटीत पसरली. सेक्रेटरी संध्याकाळी टेप घेऊनच आले आणि आमच्या गॅलरीचं माप घेऊन, झोपाळा बसेल पण माणसाचे गुडघे कठड्याला लागतील, असा लेखी अभिप्राय देऊन गेले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी झोपाळ्याच्या करकरीसाठी खोबरेल तेल सुचवलं आणि करकर आवाज आमच्या छतातून त्यांच्या देवघरात येईल असंही सुचवलं. पण खरा घात तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी केला. ते हळू आवाजात म्हणाले, "सागवान आणताय? तेही त्या जंगलातून? वनखात्याचा पास काढलात का? नाक्यावर धरतात. फोटो येतो पेपरात. शेजारी झोपाळा आणि मागे दोन शिपाई."

मी हसलो. पण पेपरातला फोटो काही डोळ्यांसमोरून हलेना.

एकोणीस मेला दुपारी आम्ही चंद्रपुरात उतरलो. ऊन असं होतं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा सावलीप्रमाणे जागा बदलत होती. ऑटोत बसल्यावर मी रंजीताला म्हणालो, "बघ हं, इथे मला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही." ऑटोवाल्याने विचारलं, "पैल्यांदाच आले का जी चंद्रपुरात?"

रामाजींचं घर जागेवर होतं. आम्ही राहायचो त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आता हाडांच्या व्यायामाचा दवाखाना होता. रामाजी ओट्यावर बसले होते. वय ऐंशी, पाठ ताठ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मी समोर उभा राहिलो. त्यांनी मला नीट बघितलं आणि दवाखान्याकडे बोट दाखवलं. "डॉक्टर अर्ध्या घंट्यानं येते."

"रामाजी, मी! ओळखलं नाही?"

"नाई जी."

मी नाव सांगितलं. खातं सांगितलं. कोंबड्या सांगितल्या. त्यांचा चेहरा कोरा. तेवढ्यात ऑटोवाल्याशी सुट्ट्यावरून चाललेला वाद आटोपून रंजीता आली.

"अरे! रंजीताबाई! या ना, या ना बाई! आन हे कोन?"

"हे आमचे हे," रंजीता म्हणाली. "झोपाळा घ्यायला आलो."

रामाजी एकदम उभे राहिले. "झोपाळा! सात नंबर! सात नंबरवाले होय तुमी!"

मग ते जिन्याकडे तोंड करून अशा आवाजात ओरडले की दवाखान्यातला एक रुग्ण आपणहून उठून उभा राहिला. "आशाऽ! आला! एक आला!"

जिन्यावरून आशाबाई आल्या. आल्या म्हणजे बसून आल्या. एका पायरीवर बसायचं, मग पाय खालच्या पायरीवर, मग स्वतः खाली, मग पुन्हा बसायचं. गुडघे तीन वर्षांपासून गेलेले. चौदा पायऱ्यांना त्यांना सात-आठ मिनिटं लागली आणि तेवढा वेळ आम्ही खाली हात जोडून उभे होतो, मिरवणूक यायची वाट बघत असल्यासारखे. शेवटच्या पायरीवर त्यांनी रंजीताचा हात धरला, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"काऊन आलात जी तुमी?"

का आलात, या प्रश्नाचा अर्थ पुढच्या अर्ध्या तासात उलगडला. रामाजींनी कमरेची किल्ली काढून तळमजल्यावरची मागची खोली उघडली. चांगली मोठी, हवेशीर, मागे बाथरूम असलेली खोली. आत माणूस शिरू शकत नव्हता. कारण गेल्या पस्तीस वर्षांत रामाजींच्या घरात राहून बदलून गेलेल्या प्रत्येक नोकरदाराने जाताना काही ना काही "येऊन नेतो" म्हणून ठेवलं होतं. भामरागडला बदली झालेला माणूस काय काय नेणार? तिकडे पावसाळ्यात रस्ताच राहत नाही. दोन कूलर होते. शिलाई मशीन होतं. सतरंजीत गुंडाळलेली हार्मोनियम होती. लोखंडी कपाट, व्यायामाची सायकल, लाकडी पाळणा, डिश अँटेना, गणपतीचं मखर. एक चिनी मातीची बरणी होती, तिच्या तोंडाला कापड बांधलेलं. साताऱ्याकडच्या कुणी बाई दोन हजार अकरा साली लोणचं मुरायला ठेवून गेल्या होत्या. प्रत्येक वस्तूला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. नंबर, नाव, कार्यालय, तारीख आणि शेवटी शेरा, 'येतो म्हणाले.'

"लोकाची ठेव हाय," रामाजी म्हणाले. "पार्सल ऑफिसात तीस वर्स होतो मी. मालक आल्याबिगर पार्सल हालत नाई."

"आन मी?" आशाबाई म्हणाल्या. "मी हालून राह्यली ना रोज, वरून खाली. खालचा डॉक्टर म्हनते, बाई, पायऱ्या चढू नका. तेवढं आयकाले मले चौदा पायऱ्या उतरा लागते. आन आयकून झालं का चौदा चढा लागते. तीन वर्स झाले सांगून राह्यली, हे खोली खाली करा, मी इथी राह्यते. तं म्हनते, ठेव हाय. कोनी येत नाई, म्या म्हनलं. आता कुठी ऐकत आले होते. येत्या रविवारी सारं काढून टाकतो म्हनले. आन आज तुमी टपकले!"

रामाजींचा चेहरा मात्र नव्या नवरदेवासारखा झाला होता. "कोनी येत नाई म्हने! आला का नाई? एकोनीस वर्सानं आला! आता बाकीचेई येतीन. कोनाच्या ठेवीले हात लावाचा नाई."

आयुष्यात पहिल्यांदाच मी दिलेला शब्द पाळला होता, आणि त्यामुळे एका सत्तरीच्या बाईचं खाली राहायला येणं कायमचं रद्द झालं होतं. आशाबाई पुन्हा जिन्याकडे निघाल्या. चढताना त्यांना जास्त वेळ लागतो. रंजीता त्यांच्या मागोमाग एकेक पायरी चढत होती आणि दर पायरीला वळून माझ्याकडे बघत होती. मी चौदा वेळा नजर चुकवली.

रात्री आम्ही लॉजवर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सकाळी तर्री पोहे खाऊन मी रंजीताला म्हणालो, "चल, वनखात्यात जाऊ."

"आज?"

"कायदेशीर काम सकाळीच व्हायला पाहिजे."

कार्यालयात टेबलामागे एक बाबू होते. मी अर्ज पुढे केला.

"पास पाहिजे. सागवानी झोपाळा नाशिकला न्यायचाय."

"कोनी अडवलं का?"

"नाही."

"तक्रार हाय कोनाची?"

"नाही."

"मंग पास काऊन मागून राह्यले?"

"नियम म्हणून."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या एवढ्या नोकरीत कुणी जुन्या झोपाळ्यासाठी स्वतःहून चालत आलेलं नव्हतं, आणि चालत आलेला माणूस नियम म्हणून आलाय हे तर त्यांना जास्तच खटकलं. संशय घालवायला मी म्हणालो, "मीही सरकारी नोकरच आहे." त्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला पायांपासून बघायला सुरुवात केली.

"लाकडाचं बिल?"

"दोन हजार एकचं? नाही हो."

"सुताराचा जबाब?"

"मिळवतो."

"झोपाळ्याचा फोटो, चारी बाजूंनं. आन मोका पाहनी करा लागते. लाकूड कोन्या जातीचं हाय ते पाहूनच पुढचं." त्यांनी अर्जावर शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि आवाज दिला, "लालसू!"

लालसू हे वनरक्षक. पन्नाशीच्या पुढचे, एटापल्लीकडचे. मी त्यांना म्हणालो की मीही एटापल्लीला होतो. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, सात महिने. ते म्हणाले, "मंग नाई," आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी घोटायला लागले. आम्ही तिघं एका ऑटोतून रामाजींच्या घरी आलो. रंजीता मधे बसली होती. तिच्या अंगावर लग्नाचा वाढदिवस म्हणून नेसलेली जांभळी साडी होती.

रामाजींनी बाकीचं सामान बाजूला सारून सात नंबर अंगणात काढून ठेवला होता. धूळ पुसली, आणि काय सांगू! एकोणीस वर्षांत लाकडाला एक भोक नव्हतं, वाळवीचा एक कण नव्हता. मी लालसूंना म्हणालो, "अस्सल वस्तू ही अशी असते." रामाजींनी मागच्या गल्लीतून लियाकतभाईंनाही बोलावून घेतलं होतं. झोपाळा त्यांनीच केलेला. आता पासष्टीला आलेले, मेंदी लावलेली दाढी, कानावर पेन्सिल तीच. आशाबाईही जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत येऊन बसल्या होत्या.

लालसूंनी झोपाळ्याभोवती एक फेरी मारली. वाजवून बघितला. उलटा केला. खालच्या बाजूला चाकूने थोडं खरवडलं, वास घेतला. मग ती ढलपी जिभेवर ठेवली.

"कडू हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"निंब हाय साहेब हा. कडुनिंब. सागवान नाई."

मी हसलो. अज्ञानी माणसाला समजून घ्यावं अशा पद्धतीने हसलो. "अहो, चोवीस वर्षं झाली याला. वाळवी नाही लागली बघा."

"निंब हाय म्हून तं नाई लागली."

"लियाकतभाई," मी म्हणालो, "सांगा यांना."

लियाकतभाईंनी खाकरून घसा साफ केला. "बराबर बोलून राह्यला तो."

"म्हणजे काय?"

"भूलले का साहेब तुमी? आपन एकोनीस तारखेले सकाळी आलते ना दुकानात. म्हनले, लियाकतभाई, उद्या शादीची सालगिरा हाय, मी तं साफ विसरूनच गेलतो, काहीतरी करा. मी म्हनलो, सागवान वल्लं हाय, पंधरा दिवस तं सुकालेच लागतीन. तं तुमी इकडे-तिकडे पाह्यलं. एका गिऱ्हाइकाचा निंबाचा झोपाळा तयार होता, लेकराच्या बारशासाठी. तुमी म्हनले, हाच द्या, वरून सागवानाचा रंग मारा." एवढं बोलून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण माणूस प्रामाणिक. "म्हनले, बाई कुठी ओळखते."

दवाखान्याच्या खिडकीत दोन रुग्ण मान लांब करून उभे होते. त्यांच्यापैकी एकाला मानेचाच त्रास असावा, कारण तो खूप वेळ तसाच राहिला.

"पण मोर..." मी म्हणालो. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणालो.

"मोर कुठी? बदक हायेत ते. बारशाचा माल ना."

रंजीताने झोपाळ्याच्या पाठीवरून हात फिरवला, बदकांपाशी थांबली आणि पदराने बोटं पुसली. पंचवीस वर्षं मी आकडेवारीचं काम करतोय. घरातल्या वादांची मी मनातल्या मनात नोंद ठेवतो. बोलून झालेले वाद सरासरी दोन दिवसांत मिटतात. न बोललेल्या वादांची आकडेवारी अजून पूर्ण यायची आहे.

मला वाटलं, आता निदान पासाचं झंझट सुटलं. तर लालसू म्हणाले, अर्ज आवक झालाय, आता तो निकाली काढावा लागेल. म्हणून आम्ही परत कार्यालयात.

"सागवान नाई तं पास नाई," बाबू समाधानाने म्हणाले. "पन नस्ती बंद कराले तुमचं लेखी पायजे. लिवा. विषय, सदर लाकूड सागवान नसल्याबाबत."

आणि माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी दुपारी बारा वाजता, त्रेचाळीस अंशांत, ज्याची पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरणाऱ्या पंख्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'मी खाली सही करणार लिहून देतो की, मी माझ्या पत्नीस दिलेला झोपाळा हा माझ्या माहितीप्रमाणे सागवानाचा नसून कडुनिंबाचा आहे.' साक्षीदार हवा होता. बाबूंनी रंजीताकडे कागद सरकवला. तिने तो दोनदा वाचला.

"'माझ्या माहितीप्रमाणे' काढा," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच होतं."

मी ते शब्द खोडले. बाबूंनी खाडाखोडीवर वेगळी सही घेतली. मग रंजीताने, पूर्ण नावाने, तारखेसकट, साक्षीदार म्हणून सही केली. आमच्या लग्नाच्या नोंदणीवर तिची सही याहून लहान होती.

परत आलो तेव्हा रामाजींच्या घरी आमच्यासाठी रस-शेवयांचं जेवण होतं. वाढदिवस आहे हे रंजीताने आदल्या दिवशी जिना चढताना आशाबाईंना सांगितलं होतं. जेवताना मला माझी घसरलेली किंमत थोडी सावरावी असं वाटलं. म्हणून रामाजींनी खोलीतल्या एकेका मालकाची नावं काढली तसं मी म्हणत गेलो, "हो हो, ओळखतो ना. ते सध्या पुण्याकडे. या बाई साताऱ्याला. हे तर आमच्या नाशिकचेच. अहो, सगळे आपलेच लोक. संपर्कात आहेत सगळे." यातल्या दोघांना मी ओळखत होतो. त्यातला एक मला ओळखत असावा.

जेवण होईपर्यंत लालसू आणि लियाकतभाईंनी, दोघंही निघायचं विसरून, तो झोपाळा ओट्यावरच्या जुन्या कड्यांना टांगला होता. "लावून तं पाहू, भारी हाय का हलका," लियाकतभाई म्हणाले. तेवढ्यात आशाबाई, जिन्यापाशी जाण्याआधी दम खायला, त्यावर टेकल्या.

टेकल्या आणि बसूनच राहिल्या. पाय बरोबर जमिनीला टेकत होते. त्यांनी अंगठ्याने हळूच रेटा दिला. झोपाळा पुढे गेला, मागे आला. पुढे आल्यावर, त्याच ओघात, त्या उठून उभ्या राहिल्या. कुणाचा हात न धरता.

"उठता येते जी मले!" त्या म्हणाल्या. परत बसल्या. परत उठल्या. "पाह्यलं का? उठता येते!" दवाखान्यातले रुग्ण बाहेर येऊन बघायला लागले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र धंद्याला धक्का लागल्यासारखं काहीतरी दिसलं.

रंजीता माझ्या शेजारी उभी होती. कार्यालयातून आल्यापासूनचं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य आलं. "राहू दे तो इथेच."

"अगं, पण एवढं आपण आलो, तुझी इतक्या वर्षांची..."

"नाशिकला न्यायचा कशाला? तिथे मी सगळ्यांना सागवानी सांगितलाय."

रामाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला. "नेत नाई म्हन्ता? एक आला, तोई न नेता चालला?" आणि ते हळूच खोलीकडे बघायला लागले, जणू त्या सगळ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः खोट्या लिहिल्या होत्या.

आशाबाईंनी झोपाळा थांबवला. त्यांना बोलायचं होतं, हे दिसत होतं. तीन वर्षांचा मुद्दा त्यांच्या बाजूने निकाली निघत होता. पण त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मग नुसतं म्हणाल्या, "जाऊ द्या जी. राहू द्या तुमची ठेव. मी बसते इथी ओट्यावर. चांगलं हाय इथी."

आणि रात्री? रात्री चौदा पायऱ्या.

मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. सकाळपासून माझी इतकी सालं निघाली होती की कुठेतरी मोठं दिसणं गरजेचं होतं. मी म्हणालो, "रामाजी, बाकीचं मी नेतो. सगळं. म्हणालो ना, सगळे संपर्कात आहेत. ज्याचं त्याला पोचवतो."

रामाजींनी चष्मा लावला. पार्सल ऑफिसातल्या खिडकीतून बघावं तसं बघितलं. "जबाबदारी घेता?"

"घेतो."

"सही करा लागन."

"करतो."

"साऱ्याच नंबरची येगयेगळी."

रंजीता माझ्याकडे बघत होती. ती हसतेय की नाही हे ओळखायला मी वळलो, तर ती कंबर खोचून खोलीत शिरली होती आणि आतून हार्मोनियम बाहेर सरकवत होती.

नाशिकहून चंद्रपूरच्या मार्केटात कांदा घेऊन येणारे टेम्पो रिकामे परत जातात. लियाकतभाईंच्या ओळखीचा मुबीन म्हणून एक टेम्पोवाला तासाभरात आला. त्याने ढीग बघितला आणि विचारलं, "दुकान लुटलं का साहेब?" मी दहा सह्या केल्या. प्रत्येक सहीनंतर रामाजी वहीत 'मालकाकडे रवाना' असं लिहायचे आणि सुतळीची चिठ्ठी माझ्या हातात द्यायचे. बरणीच्या वेळी ते म्हणाले, "आडवी करू नका. मुरून राह्यलं हाय." शेवटची सायकल टेम्पोत गेली तेव्हा त्यांनी रिकाम्या खोलीत जाऊन एकदा झाडू मारला. स्वतः मारला, कुणाला मारू दिला नाही. मग आशाबाईंची वळकटी वरून खाली आणायला गेले. ऐंशी वर्षांचा माणूस जिना असा चढला की डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले.

आम्ही परत येऊन आता पाच महिने झालेत. मी रजा काढून लोकांना शोधतोय. दहातले चार सापडले. एक कूलरवाले म्हणाले, "अरे वा, अजून आहे? तुम्हालाच राहू द्या." दुसरे कूलरवाले म्हणाले, मी त्यांना ओळखत नाही आणि पुन्हा फोन करू नये. हार्मोनियमवाल्या बाई आता लॉस एंजेलिसला मुलाकडे असतात. लोणच्याच्या बाईंनी मात्र लगेच विचारलं, "मुरलं का?" मी म्हणालो, नेऊन देऊ का? त्या म्हणाल्या, नको, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय.

रामाजी दर रविवारी सकाळी फोन करतात. प्रत्येक नंबरची चौकशी करतात. मग आशाबाई फोन घेतात आणि रंजीताशी अर्धा तास बोलतात. त्या सांगतात, खालच्या खोलीत मागच्या खिडकीतून वारा येतो आणि झोप चांगली लागते. त्यांनी वरचा जिना मे महिन्यानंतर पाहिलेला नाही.

आमच्या फ्लॅटमध्ये एवढं सामान मावेल अशी एकच खोली होती, ती बेडरूम. मी आणि रंजीता मे महिन्यापासून हॉलमध्ये झोपतो.